अर्नाळ्याच्या देवीचा निरोप

हे गेल्यानंतर देवावरचा माझा विश्वास उडाला नव्हता, पण त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. का, ते मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. तिने मला बेंगळुरूला न्यायचं ठरवलं, फुलपाड्याचा फ्लॅट विकला गेला आणि माझ्या हाती मोजके रविवार उरले. चोवीस वर्षं विरारमध्ये राहून आम्ही वसईचा किल्लासुद्धा पाहिला नव्हता. ह्यांचं एकच पालुपद, "रिटायर झालो की फिरू." रविवार झोपेत आणि इस्त्रीत संपायचा. आता मी एकटीच हट्टाने बाहेर पडू लागले. किल्ला पाहिला, उमेळ्याच्या उरल्यासुरल्या फुलांच्या वाड्यांतून हिंडले. सोनचाफा घेतला आणि घरी आल्यावर तो कुणाला द्यावा ते कळेना. जाईन तिथे मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडत होते.

शेवटच्या रविवारी अर्नाळ्याला गेले. होडीने बेटावर उतरले, पण ऊन इतकं होतं की तिथल्या किल्ल्यात फार फिरवेना, म्हणून देवीच्या देवळात सावलीला बसले. देवीकडे मागावं असं काही सुचलं नाही. उठताना नुसते हात जोडले आणि म्हटलं, "जाते गं आई."

"जाते नाय बोलाचा बाय. येते बोलाचा."

मागे वळून पाहिलं. पायरीवर एक म्हातारी कोळीण सुपात सुकट निवडत बसली होती. अशा वेळी माणूस जीभ चावतो, हसतो आणि चूक सुधारतो. मला मात्र रडू कोसळलं. 'येते' हा शब्द मी वर्षभर ओठांवर येऊ दिला नव्हता. हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी ह्यांना जरा बरं वाटत होतं. "आंघोळ करून येते हं," असं सांगून मी घरी आले, पाच मिनिटं म्हणून आडवी झाले आणि डोळा लागला. परत पोचले तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. हे सगळं मी त्या अनोळखी बाईपुढे ओकून टाकलं.

तिने माझी समजूत घातली नाही. ती सुकट निवडतच राहिली.

"माजा मानूस दर्यात गेला तो आलाच नाय," ती म्हणाली. "निंगताना आमी भांडलेलो. मी तोंड फिरवून बसलेली. तुज्या मानसाला ठाव होता, आपला कोनतरी येनार हाय. वाट बघत गेला तो. एकटा नाय गेला."

तिच्या तोंडून देवी बोलली की काय, ते मला ठाऊक नाही. पण जे ओझं मी वर्षभर देवापासून लपवत होते, ते त्या पायरीवर माझ्या हातून आपोआप सुटलं. आपण काही वाहून नेत नसतो, नेणारी देवी आहे, एवढंच कळलं. दुःख होतं तेवढंच राहिलं. ते राहूच दे.

होडीची वेळ झाली तेव्हा मी म्हातारीच्या पाया पडले. तिने सुपातला हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला. सुकटीचा वास केसांना लागला. घरी आल्यावर दोन दिवस मी केस धुतले नाहीत.