फ्रिजमागची झुरळं

आंबिवलीच्या मंजुळाबाईंना झुरळांची सवय होती. मोरीच्या जाळीतून कधीतरी एखादं मोठं, लालसर झुरळ वर यायचं. चपलेचा फटका मारला की विषय संपायचा.

पण मुलाचं, सुदेशचं लग्न झालं आणि वेगळीच झुरळं दिसू लागली. बारीक, फिकट तपकिरी. डब्यांमागे, ट्रॉलीत, मिक्सरखाली. ऐश्वर्या नवीन सून. ती रोज गरम पाण्याने ओटा धुवायची, कोपऱ्यांत औषधी खडू ओढायची. झुरळं काही हटेनात.

"माझ्या घरात हे कधी नव्हतं," मंजुळाबाई म्हणायच्या. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "माहेरी स्वच्छता शिकवली नसेल, तर आपण काय करणार?"

आपण रोज सगळं धुतो, तरी झुरळं कुठून येतात कळत नाही, असं ऐश्वर्याने परोपरीने सांगून पाहिलं. दिवाळीनंतर ती आणि सुदेश खडवलीला भाड्याने राहायला गेले.

झुरळं मात्र वाढतच राहिली. मंजुळाबाईंनी स्वतः घासून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. पुढे फ्रिज गार होईना म्हणून दुरुस्तीवाल्या पंढरीला बोलावलं. त्याने मागचं झाकण काढलं आणि मोटरजवळून झुरळांचा लोंढा बाहेर पडला.

"ही मोरीतली नाहीत, काकू," तो म्हणाला. "डोक्यामागे दोन काळ्या रेघा आहेत, बघा. यांना ऊब लागते. घर कितीही पुसा, ही इथेच वाढणार. फ्रिज जुना घेतलेला का?"

फ्रिज ठाण्याच्या देवरामदादाने, मंजुळाबाईंच्या भावाने, आपला वापरलेला दिला होता. सुदेशच्या लग्नाची भेट म्हणून. मंजुळाबाईंनी त्याला फोन केला.

"आमच्याकडे होतीच ती झुरळं," दादा सहज म्हणाला. "तुला बोललो नव्हतो का?"

रविवारी त्या खडवलीला गेल्या. ऐश्वर्याने चहा ठेवला. मंजुळाबाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नव्हतं गं. मीच नको ते बोलले."

"मी सांगत होते, आई, तेव्हा."

"हो. मी ऐकलं नाही."

"जाऊ दे आता," ऐश्वर्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, ओढही नव्हती. 'परत या' हे शब्द मंजुळाबाईंच्या ओठांवर आले होते, ते तिथेच राहिले.

कप उचलून ऐश्वर्याने ओटा पुसला. मग डबे सरकवून त्यांच्या मागे वाकून पाहिलं, आणि स्वच्छच असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.