डब्यातला भोपळा

रेनो सारेला जनावरांचा डॉक्टर नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना अजून तसं वाटतं, आणि एकेकाळी खुद्द रेनोलाही तसंच वाटायचं. तो होता पशुखाद्याच्या दुकानात, काउंटरवर. चौतीस वर्षं. कोंबड्यांचा दाणा, घोड्यांचं गवत, कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची पोती. आता आमच्याकडचा माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पण कुत्र्याच्या दुखण्याबद्दल, पोतं गाडीत चढवून झालं तरी, अर्धा तास बोलत उभा राहतो. रेनो ऐकत गेला. ऐकता ऐकता सांगायला लागला.

आणि सांगायचा ते ठणकावून. "कान खाजवतोय? मग हुंगून बघ की! आंबलेल्या पावासारखा वास येतोय ना? बुरशी झालीय. तळ्यात पोहायला सोडता आणि कान कोरडे कोण करणार, मी?" नाहीतर, "मांजर पाणी फार पितंय? वय काय? चौदा? अरे, मूत्रपिंड असेल नाहीतर साखर असेल. माझ्या तोंडाकडे काय बघतोस, डॉक्टरकडे ने." बऱ्याच वेळा बरोबर निघायचं. जे चुकायचं ते तो स्वतःच तिखटमीठ लावून सांगायचा. शाळेची बस चालवणाऱ्या वेर्नरची मांजरी जाड झाली, तेव्हा रेनोनं तिच्या पोटाला हात लावून चार पिल्लं मोजली आणि पाचव्याची शक्यता वर्तवली. वेर्नरच्या बायकोनं खोक्यात जुने टॉवेल अंथरले, पडदे लावून अंधार केला. दोन महिन्यांनी कळलं की ती मांजरी नाहीच, बोका आहे, आणि तोही खच्ची केलेला. "मोजणी बरोबर होती," रेनो म्हणायचा, "फक्त ती सॉसेजं होती."

निवृत्त व्हायच्या वर्षी त्यानं एक कागद लिहिला. वर ठळक अक्षरांत 'ताबडतोब डॉक्टर', खाली नऊ ओळी. आमच्या जनावरांच्या डॉक्टर कॅरल नीएमी, त्यांना दर आठवड्याला विचारून विचारून भंडावून सोडलं तेव्हा कुठे तो कागद झाला. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकारी काढतोय पण पडत काही नाही: ताबडतोब. चॉकलेट खाल्लं: ताबडतोब. अशा नऊ. खाली ऐटदार सही. एक प्रत दुकानाच्या भिंतीवर, बाकीच्या गावभर वाटल्या. आमच्याही फ्रिजवर एक आहे. वाचतो कोण म्हणा, पिझ्झाच्या कुपनाखाली गेलीय.

तर, नोव्हेंबरची चौदा तारीख. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळा बंद, गॅरेज बंद, न्हाव्याच्या दारावर 'येतो' एवढीच पाटी, कधी ते नाही. रेनो सत्तर वर्षांचा, आणि चौदाव्या वर्षापासून त्याचा एकही पहिला दिवस चुकलेला नव्हता. गेली दहा वर्षं तो बंदूक नुसती पुसतो, चालवत नाही. पण जंगलातल्या शिकारीच्या कॅम्पवर भाऊ आर्विद आणि दोन पुतणे थंडीतून परत आले की वाफ घ्यायचा सौना तापलेला हवा आणि तव्यावर पॅनकेक हवेत, हे त्याचं काम. ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही असं त्याचं ठाम मत होतं. पुतण्यांना ते जमतं, पण ते तसं सांगत नाहीत.

आणि नेमका तेराच्या संध्याकाळपासून एस्को वाळूच्या डब्यात जाऊन बसायला लागला होता. एस्को म्हणजे रेनोचा बोका, आणि वाळूचा डबा म्हणजे त्यानं घरातच उरकावं म्हणून ठेवलेला, लघवी पडली की वाळूचा गोळा होतो तो. सहा वर्षांचा, नारिंगी, पोट जमिनीला टेकलेलं. डब्यात बसायचा, कुंथायचा, काहीच न करता बाहेर यायचा, शेपटीखाली चाटत बसायचा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. रेनोनं हात कमरेवर ठेवून ते पाहिलं आणि निदान केलं.

"बद्धकोष्ठ," तो बोक्याला म्हणाला. "तुझं खाणं तसं, तुझं बसणं तसं. दुसरं काय होणार?"

बद्धकोष्ठावर आमच्याकडे एकच औषध, डब्यातला भोपळा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजतात त्या गोड 'पाय'साठी घरोघरी आणून ठेवलेला असतो, पत्र्याच्या डब्यातला, तोच. चमचाभर मांजराला, चार चमचे कुत्र्याला. रेनोनं हा सल्ला चौतीस वर्षांत इतक्यांना दिला होता की नोव्हेंबरात गावात 'पाय' कमी पडायचे. त्यानं भोपळ्याचा डबा फोडला. एस्कोनं भोपळा हुंगला आणि तोंड फिरवलं. रेनोनं बोटानं त्याच्या ओठांना लावला. निम्मा रेनोच्या बाहीवर आला.

सकाळी वाळूचा डबा साफ करायला घेतला तर वाळू कोरडी ठणठणीत, एकही गोळा नाही. तुम्हाला सांगतो, त्याला बरं वाटलं. आज काम वाचलं, असं वाटलं! हे त्यानं नंतर स्वतःच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या कपाळावर तळहात मारला. मग त्यानं एस्कोच्या पोटाला हात लावला. खालच्या अंगाला टणक गोळा. "हां, खडा झालाय मोठा," रेनो म्हणाला. एस्को ओरडला. घोगरा, लांबट आवाज काढला, असा त्यानं आजवर कधी काढला नव्हता. रेनोनं हात मागे घेतला. पण बाहेर गाडी भरलेली होती, पॅनकेकचं पीठ पुढच्या सीटवर होतं, आणि बद्धकोष्ठाला घाई नसते.

साडेअकराला शेजारची लेम्पी आहोनेन किल्ली घ्यायला आली. रेनो कॅम्पला गेला की एस्कोला खायला ती घालते. लेम्पी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि ऑगस्टपासून त्याच्यावर घुश्शात होती. झालं होतं असं की तिचा कुत्रा मुस्ती बसल्या बसल्या गालिच्यावर ढुंगण घासत पुढे सरकायला लागला, आणि तिनं रडत रेनोला फोन केला होता, "मागचे पाय गेले रे त्याचे!" पाय कसले जातायत, शेपटीखालच्या ग्रंथी भरल्या होत्या. डॉक्टरांनी दोन मिनिटांत मोकळ्या केल्या. पण रेनोनं तो किस्सा रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला रंगवून सांगितला, नक्कल करून. खुर्चीवर घासून दाखवलं. सगळे हसले. लेम्पी हसली नव्हती.

"किती चमचे घालायचे ते लिहून ठेव," ती दारातूनच म्हणाली. मग आतून आवाज आला. "हे काय ओरडतंय?"

"काही नाही गं. पोट साफ होत नाहीये. भोपळा दिलाय."

लेम्पी बूट न काढता आत आली, आणि आमच्याकडे बूट न काढता कुणी आत येत नाही. एस्को वाळूच्या डब्यात वाकून बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं.

"लघवी कधी केली त्यानं?"

"कालपासून त्या डब्यातच तर बसलाय."

"बसलाय ते दिसतंय मला. केली कधी?"

रेनोनं चाळणी घेऊन वाळू तळापर्यंत उकरली, कोरडीच होती.

लेम्पी गेली. वयाच्या शहात्तराव्या वर्षी बर्फातून जवळजवळ पळत रस्त्यापलीकडे गेली आणि परत आली ती हातात कागद घेऊन. वर फ्रिजच्या चुंबकाचा गोल डाग. तिनं चष्मा लावला.

"ओळ तिसरी," तिनं वाचलं. "'बोका डब्यात कुंथतोय आणि लघवी होत नाही. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठ नाही! मूत्रमार्ग बंद झालाय. वाट बघाल तर बोका मरेल.' खाली सही कुणाची आहे, रेनो? मला नीट लागत नाहीये."

"पुरे गं, लेम्पी."

"पुरे काय? गाडी काढ, गाढवा! नीएमीबाई बारा वाजता कॅम्पला निघतात!"

गाडीतलं पॅनकेकचं पीठ लेम्पीनं मांडीवर घेतलं, पिशवी फुटली, आणि दोघं पांढरे होऊन दवाखान्यासमोर उतरले तेव्हा डॉक्टर शिकारीचं नारिंगी जाकीट घालून दाराला कुलूप लावत होत्या. ट्रक चालू होता. नवरा आत बसलेला. डॉक्टरांनी मांजराच्या पेटीतलं एस्कोचं तोंड पाहिलं, पोटाला दोन बोटं लावली आणि कुलूप पुन्हा उघडलं.

"तुम्ही व्हा पुढे," त्यांनी नवऱ्याला ओरडून सांगितलं. मग रेनोकडे वळल्या. "कधीपासून?"

आता इथे रेनो खोटं बोलणार होता. 'आज सकाळपासून' हे शब्द जिभेवर आलेलेच होते. चौतीस वर्षं लोक त्याच्यापुढे असेच बोलायचे, आत्ताच दिसलं, सकाळीच सुरू झालं, आणि तो मनातल्या मनात त्यात दोन दिवस मिळवायचा. लेम्पी बाजूला उभी होती, पिठानं माखलेली. एस्को ओरडायचाही थांबला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"काल संध्याकाळी पाचपासून," रेनो म्हणाला. "मला दिसत होतं, डॉक्टर. मला कॅम्पला जायचं होतं. म्हणून मला जायला सोयीचा पडेल असा आजार मी त्याला लावून दिला."

डॉक्टरांनी मान हलवली. "कालचं सांगितलंत ते बरं केलंत. आधी रक्त बघते. पोटॅशियम चढलं असेल तर भूल जपून द्यावी लागेल, नाहीतर हृदय बंद पडतं." आणि त्या आत गेल्या.

पोटॅशियम चढलेलंच होतं. रेनो बाकावर बसला आणि हुंदके देऊन रडला. सत्तर वर्षांचा माणूस, बाहीवर भोपळा. लेम्पीनं त्याला कागदी रुमाल दिला. तासाभरानं ती म्हणाली, "चर्चमध्ये मी काही घासून दाखवणार नाहीये. घाबरू नकोस."

अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. मूत्रमार्गात नळी बसली होती, खडे नव्हते, बारीक वाळूसारखा गाळ अडकला होता. आणखी चार-पाच तास गेले असते तर त्या काही करू शकल्या नसत्या. हे त्यांनी रागावून सांगितलं नाही. रागावल्या असत्या तर रेनोला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडली तशा दूर जंगलात बंदुका वाजायला लागल्या. रेनो दवाखान्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत होता, समोर पिंजऱ्यात चाटू नये म्हणून गळ्याभोवती फनेल घातलेला एस्को त्याच्याकडे पाठ करून बसलेला. आर्विदचा फोन आला. पॅनकेक पुतण्यांनी केले, छान झाले, असं तो म्हणाला आणि मग घाईनं म्हणाला, "तुझ्यासारखे नाहीत हं." रेनोला खरं काय ते कळलं, आणि त्याचं फारसं काही वाटलं नाही.

अठराला एस्को घरी आला. खाणं बदललं, ओलं खाणं, पाण्याची तीन भांडी. रेनो वाटेत दुकानात थांबला, भिंतीवरचा स्वतःचा कागद काढला आणि खाली दहावी ओळ लिहिली. ती मी स्वतः वाचलीय: 'यातलं काहीही दिसलं तर रेनोला विचारत बसू नका. त्याला कुठेतरी जायचं असेल.' मग कागद पुन्हा लावला. नवी ओळ सहीच्या खाली, सहीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

घरी आल्यावर तो वाळूच्या डब्याशेजारी स्टूल टाकून बसला. दीड तास. एस्को शेवटी आला, वाकला. बोका बाहेर आल्यावर त्यानं चाळणी घालून वाळू हलवली. मग लेम्पीला फोन लावला.

"लेम्पी! गोळा! चांगला बटाट्याएवढा गोळा!"

"रेनो, मी जेवतेय."

"बटाट्याएवढा गं," रेनो म्हणाला आणि पुन्हा रडायला लागला. लेम्पीनं चमचा खाली ठेवला आणि फोन कानालाच धरून बसली.