कारहुणवीची सहल

लग्नानंतर काही वर्षांनी यांना फोटोचा नाद लागला. हे म्हणजे माझे यजमान. सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. कुठूनसा एक जुना कॅमेरा पैदा केला, तीन पायांचा, वर काळं कापड. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काच अंधारात एका चपट्या लाकडी पेटीत भरायची, ती पेटी कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायची, मग फोटो. न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लावून काचा भरायचं आणि धुवायचं काम मीच शिकले, कारण हे काचेवर बोटं उमटवायचे. लोक फोटो बघून यांचं कौतुक करायचे आणि हे मान डोलावून ऐकून घ्यायचे.

यांच्या एका अडत्या मित्रानं मोटार घेतली आणि सहलीची टूम निघाली. रस्ता बघण्यासारखा हवा, फोटोला काहीतरी वेगळं हवं. विजापूरचा घुमट आधीच गावातल्या निम्म्या भिंतींवर टांगलेला होता. मी म्हटलं, माझ्या माहेरी चला, कारहुणवीला.

माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलुखात. तिथं जेठात पुनवेला कारहुणवी, म्हणजे बैलांचा सण असतो. शिंगं रंगवतात, संध्याकाळी वेशीत कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेला दोर ताणतात आणि बैल पळवून तो तोडतात. ज्या रंगाचा बैल पुढं, त्या रंगाचं पीक त्या साली जोरात, असं मानतात. हे ऐकून यांचे डोळे चमकले. अडत्याची बायकोही येणार होती, म्हणजे मला यायला हरकत नव्हती.

माझी एकच अट होती, अव्वाचा फोटो. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचा फोटो कधीच निघाला नव्हता. वडिलांचाही नव्हता, आणि ते गेल्यावर दोन-तीन वर्षांतच मला त्यांच्या मिशा आठवत, पण डोळे आठवत नसत. अव्वाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. ती थकत चालली होती. यांनी माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

मग मी कामाला लागले. सोप्यात रांगोळीनं रस्ता काढून दाखवला. पहाटे निघायचं. कुंभारीच्या पुढं एका विहिरीवर मोट चालते, तिथं ऊन पाठीशी घेऊन मागं वळून फोटो घ्यायचा. वळसंगच्या पुढं चिंचा आहेत, तिथं जेवायचं. दुपार कलायच्या आत गावात, म्हणजे शिंगं रंगवताना सापडतील. हे सगळं यांनी मित्रांना असं सांगितलं, जणू स्वतः बैलगाडी हाकत त्या रस्त्यानं वाढले होते.

खरी अडचण वेगळीच होती. फोटो काढला की बैलाला दृष्ट लागते, असं आमच्या गावात मानत. परक्याला कोणी कॅमेरा उघडू दिला नसता. मी अव्वाला निरोप धाडला. ती म्हातारी घरोघरी फिरली, माझा जावई हाय, त्याची नजर चांगली हाय, असं सांगून तिनं एकेकाचा होकार मिळवला. आपली पत तिनं यांच्यासाठी गहाण टाकली.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी दशम्या बांधत होते, शेंगाची चटणी कुटून झाली होती. हे आत आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "साहेबांना बैल बघायचेत. उद्या येतो म्हणालेत."

"मग?"

"मोटारीत जागा कुठाय? आणि साहेबांबरोबर बायका कशा नेणार?"

साहेब म्हणजे गिरणीचे मोठे साहेब, यांच्या बढतीचे धनी. आयत्या बिळावर नागोबा. मी विचारलं, "अव्वाचा फोटो?"

"तो आधी काढतो. तुझी शपथ."

दशम्या मात्र मोटारीत बसल्या.

दोन दिवसांनी मी न्हाणीघरात काचा धुतल्या. बैलाशेजारी साहेब. पटका बांधलेले साहेब. बैलगाडीत साहेब. दोराखाली साहेब, मागं बैलाची नुसती शेपटी. अव्वा कुठंच नव्हती.

"तिची काच वाटेत फुटली," हे म्हणाले. "मोटार खड्ड्यात आदळली. फार वाईट वाटलं बघ."

मीच यांची समजूत काढली. पुन्हा जाऊ, म्हटलं.

पंचमीला भाऊ न्यायला आला आणि मी माहेरी गेले. अव्वा चुलीपुढं बसली होती, मी दिंडं वळत होते. तिनं आपणहून विषय काढला. ठेवणीतलं इरकल नेसून ती म्हणे सकाळपासून कट्ट्यावर बसली होती. सगळे बैल झाले, साहेब झाले, ऊन उतरलं, तेव्हा तिची पाळी आली.

"तुझ्या नवऱ्याचा हात लई साफ हाय बघ," ती म्हणाली. "बैलांच्या वक्ताला दर खेपी मागनं ती फळी सारत हुता. माझ्या वक्ताला फळीबी लागली न्हाय. नुसतं कापडात डोकं घातलं, हलू नका म्हनला, आन् झालं की. म्या डोळंबी मिटलं न्हाईत."

माझा हात दिंडावर थांबला. फळी म्हणजे ती काचेची पेटी.

"कदी येतोय फोटो?" तिनं विचारलं. काच फुटल्याचं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"येईल," मी म्हटलं.

"घाई न्हाय. मला एवडंच बगायचंय, म्या तुझ्या आजीवानी दिसते का."

सोलापुरात परतल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी मी यांना विचारलं, कॅमेऱ्यात काच होती का. हे आधी हसले.

"काचा संपल्या होत्या गं. साहेब एकेक फोटो सांगत होते, नाही कसं म्हणू? म्हातारी नटून बसलेली. तिचा हिरमोड होऊ नये म्हणून तसं केलं. केवढी खूश झाली, ठाऊक आहे?"

यांना शाबासकी हवी होती. माझ्या अंगाची लाही झाली. माझी जागा दुसऱ्याला दिली, ते मी गिळलं होतं. पण गावाची मनं ज्या बाईनं यांच्यासाठी वळवली, तिला रिकाम्या खोक्यापुढं बसवून हलू नका म्हणायचं, आणि घरी येऊन मला काच फुटल्याची थाप मारायची, याला केसानं गळा कापणं म्हणतात. मी तसं तोंडावर म्हटलं. हे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करतेस. पुढं अव्वाकडं जायला मोटार मिळाली नाही, मिळाली तेव्हा साहेबांची मंडळी होती. मी न्हाणीघरातली घोंगडी काढून टाकली आणि पुन्हा यांची एकही काच धुतली नाही.

संक्रांतीच्या आधी अव्वा गेली.

सगळं उरकल्यावर भाऊ आमच्याजवळ येऊन बसला. "जावईबापू, तेवढा अव्वाचा फोटो द्या," तो म्हणाला. "गावातबी समद्यांनी बघितलाय काढताना. भिंतीला लावू."

यांनी माझ्याकडं बघितलं. काच फुटल्याचं मी सांगावं, अशी ती नजर होती.

"कॅमेरा रिकामा होता," मी म्हटलं. "आत काच नव्हती. फोटो निघालाच नाही."

भावानं एकदा भिंतीकडं बघितलं. रागावला असता तर मला हलकं वाटलं असतं. मग तो यांना म्हणाला, "मग आमची अव्वा डोळं न मिटता कुनाकडं बघत बसली हुती?"