नूरभाईंनी सोडलेला रिपोर्ट

नूरभाईंबद्दल लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

लातूरच्या आमच्या दवाखान्यात मी डॉक्टर आणि ते लॅबचे टेक्निशियन. रिपोर्ट त्यांनी उभ्याने कधी कुणाच्या हातात दिला नाही. पेशंटच्या शेजारी बाकावर बसायचे, एकेका ओळीवर बोट ठेवायचे. "लाल अक्षर दिसलं म्हणून लगेच कफन शिवायचं न्हाई, मावशी. दोन आकडे वर-खाली व्हायचेच."

भूकंपानंतर आम्ही दोघांनी एकाच तंबूत काम केलं होतं. टाके मी घातले, पण पुढे माणसं भेटायला यायची ती नूरभाईंना. ते मला तेव्हापासून सलायचं.

मग रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जाऊ लागले. मी चिडलो. "आता हे पेशंटच डॉक्टर होणार!" नूरभाई म्हणाले, "रक्त त्यांचं, तर रिपोर्ट बी त्यांचाच की, डॉक्टरसाब. अडलं तर विचारतील." लोक विचारायचे, पण नूरभाईंना. एक म्हातारा तर माझ्या केबिनमधून उठून थेट त्यांच्याकडे गेला. "डाक्टर म्हणला ते खरं हाय का, बघा बरं."

वाईट रिपोर्ट मात्र आधी डॉक्टरांनी समोर बसवून सांगायचा, मगच मोबाइलवर सोडायचा, हा नियम नूरभाईंनीच करून घेतला होता.

रेणापूरची एक बाई लेकीच्या क्लाससाठी लातुरात खोली करून राहत होती. तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. नूरभाईंनी दारातून विचारलं, "त्या ताईंना सांगितलं का?" त्यांच्या बाकाभोवतीची गर्दी बघून मी नुकताच आत आलो होतो. मान वर न करता म्हणालो, "सांगितलं." मी तिला बोलावलंही नव्हतं. संध्याकाळी बघू, असं मनात होतं.

नूरभाईंनी रिपोर्ट सोडला. बाईला वाचता येत नव्हतं. लेक मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करत होती, तिला इंग्रजी शब्द कळला. आईला कॅन्सर झाल्याचं त्या पोरीला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईचा नवरा आला. "लेकरानं सांगायचं का हे? तुमच्यात माणूस न्हाई का कुणी?"

दवाखान्याच्या मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. नूरभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो. "रिपोर्ट मी सोडला, साब," एवढंच ते म्हणाले. त्यांना काढलं. लपवत नाही, पहिले काही दिवस मला बरं वाटलं.

ते मुलाकडे नांदेडला गेले. दोन वर्षांनी मी तिथे गेलो, बोलायचं ठरवूनच. त्यांनी सुनेला चहा सांगितला आणि म्हणाले, "हे आमचे डॉक्टरसाब. ह्यांनी हाव म्हटलं की मी दुसऱ्यांदा विचारत नव्हतो."

त्यांना सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी चहा प्यालो, मुलाची चौकशी केली आणि लातूरची गाडी धरली. त्याच वर्षी ते गेले.

नूरभाई, मी तिला सांगितलं नव्हतं. मला माफ करा. एवढंच तर म्हणायचं होतं.