अर्धी राहिलेली साक्ष

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये एक बाई दर रविवारी मोडनिंबहून एसटीने यायची. चपला दाराबाहेर काढून शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रार्थनेत पदर डोळ्यांपर्यंत ओढायची. तिचं नाव कोणी विचारलं नाही, मीही नाही.

देवाने केलेलं भलं उपासनेत उभं राहून सांगायचं, याला आम्ही साक्ष म्हणतो. ती वेळ मी सांभाळायचो. एका रविवारी ती उठली.

"माज्या पोरीसाठी तुमी समद्यांनी प्रार्थना केली. पोरगी वाचली न्हाय. मी देवाशी लई भांडले..."

त्या दिवशी पुढे काही नवी माणसं बसली होती. देव ऐकत नाही असं त्यांना वाटेल, या भीतीने मी मोठ्याने गीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. ती खाली बसली.

नंतर फाटकाशी तिने मला गाठलं. "दादा, गाणं लई घाईनं धरलं की! माजं अर्धंच झालं हुतं."

"अहो, साक्षीत चांगलं सांगायचं असतं."

"मग देवाच्या घरात खोटं बोलू? भांडले, पण त्याला सोडलं न्हाय. हेच सांगायचं हुतं."

मी घड्याळाकडे बघत निघालो. ती पुन्हा आली नाही. पुढे एकदा मोडनिंबच्या स्टँडवर उतरलोही. पण कोणाच्या नावाने चौकशी करणार?

अजून साक्षीच्या वेळी मी शेवटच्या बाकाकडे बघतो. बाई, तुमची साक्ष खरी होती. खोटं मी गायलो. मला माफ करा.