कात्रपची वॉटर स्कूटर

ज्याच्यावर मनापासून जळावं असा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, ही माझ्या पत्रिकेतली खोट. मी थोरला जावई, अंबरनाथचा; तो धाकटा, बदलापूरच्या कात्रपमधला. पण मोरिवलीला सासरी गेलो की मला चहा मिळतो आणि त्याला मान. तो आनंदनगरच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, म्हणून लग्नाकार्यातही खिशात मल्टिमीटर घालून हिंडतो. सासऱ्यांना ऐकू येईना, तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने मोठ्या डॉक्टरांची चौकशी करत होतो. याने त्यांच्या कानातल्या यंत्राचा सेल काढला, मीटर लावला आणि म्हणाला, ‘‘मामा, कान ओके आहे, सेल डाऊन आहे.’’ तेव्हापासून सासऱ्यांना फक्त त्याचंच ऐकू येतं.

मागे त्याने किनाऱ्यावरच्या कुणा राइडवाल्याची भंगारात निघालेली वॉटर स्कूटर टेम्पोत घालून घरी आणली. उल्हासनगरच्या ज्या सिंधी दुकानदाराकडून तो सुटे भाग आणतो, त्याने विचारलं, ‘‘साईं, बदलापूर में समंदर कब से आया?’’ हा म्हणाला, ‘‘आएगा साईं, पहले ये स्टार्ट तो हो जाए!’’ सोसायटीने तिला खुशाल पार्किंग दिलं. आमच्या सोसायटीत मला जिन्यात तुळशीची कुंडी ठेवू देत नाहीत. स्कूटर सुरू होते तेव्हा गॅलऱ्या भरतात, आणि बंद पडली तर आणखीच भरतात, कारण याचं बिघाड शोधणं पूजेसारखं क्रमाने चालतं. आधी बॅटरी, मग टर्मिनलवरचा हिरवा गंज, मग फ्यूज, मग स्टार्टरचा रिले. ‘‘अंदाज नको दादा, करंट कुठपर्यंत पोचला ते विचारत विचारत जायचं.’’ बटण दाबून तो कान लावतो आणि आतून ‘टिक’ आली की पोरगं पास झाल्यासारखा खुलतो. पाण्याबाहेर इंजिन लगेच तापतं, म्हणून सुरू झाल्या झाल्या बंदही करतो. तेवढी घरघर ऐकायला माझी बायको अंबरनाथहून नवी साडी नेसून येते. माझ्या बढतीच्या दिवशी ती गाऊनवर होती.

यंदा दसऱ्याला सगळे पार्किंगमध्ये जमलो होतो. सासूबाईंनी स्कूटरला हळदकुंकू लावलं, हँडलवर झेंडूचा हा एवढा जाड हार चढवला, आणि सासरे पुढे होऊन म्हणाले, ‘‘जावईबापू, मारा स्टार्टर!’’

याने बटण दाबलं. घरघर सोडाच, टिकसुद्धा नाही.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! याने मीटर काढला. बॅटरी ठणठणीत, टर्मिनल स्वच्छ, फ्यूज शाबूत. घामाने सदरा पाठीला चिकटला. सासरे खुर्चीत चुळबुळ करू लागले, गॅलरीतून कुणीतरी ‘‘धक्का मारायचा का?’’ म्हणून विचारलं. आज बिघाड सापडू नये, आणि सापडलाच तर देवा, मला सापडावा, असं म्हणत मी उगाच पूजेच्या ताटाशी गेलो. निदान सासऱ्यांना सोनं तरी आधी आपण द्यावं. आपट्याच्या पानांत हात घातला, तर हाताला लागली लाल, पिळाची दोरी.

ही दोरी मी ओळखत होतो. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात आणि दुसऱ्या टोकाची क्लिप हँडलजवळच्या बटणाला अडकवतात. माणूस पाण्यात पडला की क्लिप सुटते आणि इंजिन बंद होतं. क्लिपच नसेल तर ते सुरूच होत नाही.

‘‘ही इथे कशी?’’ मी ओरडलो.

‘‘हार नीट बसेना, म्हणून मीच काढली हो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, नाडाच आहे.’’

त्यांनी घातलेला हार काढायचं धाडस साडूला झालं नव्हतं, आणि नेमकं ते बटण हाराखाली होतं. मी हार वर सरकवला, क्लिप अडकवली, स्टार्टर दाबला. स्कूटर अशी गुरगुरली की कबुतरं उडाली.

सासरे उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘वा, जावईबापू!’’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हा शब्द साडूच्या कानावर गेला ना, हे बघायला मी वळलो. तो मीटर खाली टाकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. ‘‘दादांनी पकडलं! अरे, दादांनी पकडलं!’’ म्हणून गॅलऱ्यांकडे बघून ओरडत होता. डोळ्यांत खरंखुरं पाणी.

त्याच्या मीटरचा, मानाचा, पार्किंगचा हेवा मी पोटभर केला आहे, आणि त्यात मजाही होती. त्या टाळ्यांचा हेवा मात्र मला अजून सोसत नाही.