रबराचे पडदे

परतवाड्यात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या काकांमुळे माझी नोकरी टिकली, हे आधी सांगतो. मी मालवणकडचा, नववीत शाळा सोडलेला. अमरावतीजवळच्या तलावावर वॉटर स्कूटर सांभाळायला आलो, तेव्हा कार्बोरेटर भरता येतो, म्हणजे खोलून पुन्हा जोडता येतो, असं मालकाला सांगून बसलो होतो. भरले होते ते फक्त मोटारसायकलचे.

रविवारच्या गर्दीच्या दोन दिवस आधी स्कूटर बंद पडली. कार्बोरेटर खोलला, तर आत मोटारसायकलसारखी पेट्रोलची वाटी नाही, तीत तरंगणारा फ्लोट नाही, नुसते रबराचे पातळ पडदे. मालकाने नवे पडदे आणून दिले, पण कुठला कुठे बसतो ते कळेना. परतवाड्याचे एक काका असली इंजिनं भरतात असं तलावावर कुणीतरी सांगितलं, तेव्हा सगळं पिशवीत भरून मी तिकडची बस धरली.

काका हसले. "काहून भेऊन राहिला बे? कपाशीवर फवारायच्या पंपाच्या इंजिनात हेच असते. आधी माह्या पंपाचा भर. हात बसला का मंग तुह्या."

तीनदा त्यांनी मला त्या पंपाचा कार्बोरेटर खोलून भरायला लावला. चौथ्यांदा माझा कार्बोरेटर पुढे ठेवला आणि स्वतः हात लावला नाही.

रविवारी तलावावर मी बटण दाबलं. स्कूटर सुरू झाली. काकांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस मी त्यांना माझ्या गावी नेऊन तो दाखवीन.